घरी न्यायची फळी

आमच्या गावाला अभिमान बाळगायला फारसं काही नाही, त्यामुळे जे आहे त्याचाच आम्ही पोटभर अभिमान बाळगतो. ते म्हणजे आमची शाळा. सगळी लाकडाची. भिंती फळ्यांच्या, जमीन फळ्यांची, दोन खोल्यांमधला आडोसासुद्धा फळ्यांचा. बाहेरगावचा कुणी आला की त्याला आधी शाळा दाखवतात आणि मग पाणी विचारतात. दाखवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःची मुलं हमरस्त्यावरच्या सिमेंटच्या शाळेत घातली आहेत, हे मात्र पाहुण्याला सांगत नाहीत.

मी त्या शाळेची बाई. मुख्याध्यापिका मीच, शिक्षिका मीच, घंटा बडवणारी आणि नळ गळायला लागला की त्याला चिंधी बांधणारीही मीच. लग्न केलं नाही. जमलं नाही असं गाव म्हणतं, वेळ झाला नाही असं मी म्हणते. घरी आई आणि मी. आईचं माझ्याबद्दलचं मत ठरलेलं आहे. "तुझं घर तिकडे शाळेत," ती म्हणते. "इथं तू जेवायला येणारी पाहुणी. तेही उशिरा येणारी."

शाळेची एक रीत आहे, ती आधी सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यामुळेच झाला. मूल पहिलीत आलं की त्याच्या घरच्यांनी शाळेची एक झिजलेली फळी काढायची आणि तिथं नवी ठोकायची. जुनी फळी ज्याची त्याने घरी न्यायची. टाकायची नाही, जाळायची नाही, घरी काहीतरी करून वापरायची. नवी फळी त्या मुलाची. मूल शाळा सोडून जातं, मोठं होतं, टक्कल पडतं, तरी ती फळी त्याचीच राहते. केस पिकलेले दोन गृहस्थ आडोशातली तिसरी फळी कुणाची यावरून भांडताना मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

माझी फळी दुसऱ्या खोलीत, खिडकीखाली. माझ्या वडिलांनी ठोकली. वडील पोस्टात कारकून होते. शिक्का मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण हातोडी त्यांच्या हातात कुणी द्यायला नको होती. फळीचा एक खिळा त्यांनी असा वाकडा मारला की तो पाहून मी पहिलीत असतानासुद्धा लाजले होते. निघालेली जुनी फळी त्यांनी घरी आणली आणि तिला पाय लावून दारात बाक केला. तोही डुगडुगता. संध्याकाळी दोघं त्यावर बसायचे, आई डाव्या अंगाला, वडील उजव्या. वडील गेले. आई तरी डाव्या अंगालाच बसायची, उजवी बाजू रिकामी ठेवून. बाक त्यामुळे कलायचा, पण ती सरकायची नाही.

तर, गेल्या वर्षी शिक्षणखात्याचं पत्र आलं. मुलं कमी म्हणून पुढल्या वर्षीपासून शाळा बंद, मुलांनी हमरस्त्यावरच्या शाळेत जावं. माझी मुलं मूठभर, ती कुणाची? ज्यांना बसचं भाडं परवडत नाही, ज्यांची आई पहाटे कामावर जाते, त्यांची. ती हमरस्त्यावर जाणार नाहीत. ती घरी बसतील, आणि मग चार दिवसांनी कुठंतरी कपबशा विसळायला लागतील. हे मला माहीत होतं, खात्यालाही माहीत असावं. खात्याला पुष्कळ गोष्टी माहीत असतात.

मी साहेबांना भेटायला गेले. साहेब सज्जन होते, म्हणजे त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, माझे हात बांधलेले आहेत. एकच वाट आहे. हेरिटेज यादीत नाव असलेल्या जागेत शाळा चालू असेल तर आम्ही ती बंद करत नाही. इमारत यादीत आणा. शाळा उघडण्याच्या दिवशी मी स्वतः येईन. त्या आवारात, चार भिंती आणि छपराखाली वर्ग भरलेला दिसला की झालं."

मी खुशीत घरी आले आणि आयुष्यातली मोठी चूक केली. मामाला सांगितलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गावात त्याला सगळे अध्यक्ष म्हणतात, कारण तो सगळ्याचा अध्यक्ष आहे. दिवाबत्ती समितीचा आहे, वाचनालयाचा आहे, आणि भटक्या कुत्र्यांबाबत काहीतरी केलं पाहिजे अशी एक समिती आहे तिचाही आहे. पोटापाण्यासाठी त्याची लाकडाची वखार आहे. शाळेत लागणारी प्रत्येक नवी फळी त्याच्याच वखारीतून येते, त्यामुळे आमच्या रीतीवर त्याचं मनापासून प्रेम आहे. संध्याकाळपर्यंत त्याने वारसा जतन समिती काढली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच.

"तू फक्त शिकव," तो मला म्हणाला. "बोलायचं काम माझ्यावर सोड."

सोडलं.

हेरिटेज यादीच्या तपासणीला शहरातून एक मॅडम आल्या. तरुण, शिस्तीच्या, पायात मजबूत बूट. मामाने त्यांना शाळाभर फिरवलं. त्याने नवा कोट घातला होता आणि आवाजही नवाच काढला होता. मॅडमनी भिंतीवर हात ठेवून विचारलं, "यातलं मूळ लाकूड किती असेल?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलला. छाती पुढे काढून बोलला. "मूळ? अहो मॅडम, एक फळी मूळ राहू दिली नाही आम्ही! दर मुलामागे एक बदलतो. पिढ्यान्‌पिढ्या. जमीन तर दोनदा बदलून झाली. खांब वादळात गेले, ते मी स्वतः नवे दिले. छपराचं आढं सोडलं तर आख्ख्या इमारतीत जुनं लाकूड शोधून दाखवा, मी मिशी उतरवीन."

मॅडमनी वही मिटली. "मग ही इमारत जुनी कशी?"

मामा हसला. त्याला वाटलं, विनोद आहे. मग त्याचं हसू हळूहळू खाली उतरत हनुवटीपर्यंत आलं आणि तिथून पडलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी नियम सांगितला: निदान अर्धं लाकूड मूळ हवं. नाही तर ही एक नवी इमारत, जुन्या आकाराची. मी म्हटलं, "पण मॅडम, ही बदलण्याची रीतच जुनी आहे. गावातलं प्रत्येक माणूस या भिंतीत आहे." त्या म्हणाल्या, "ते छान आहे. पण माणसं आमच्या रकान्यात बसत नाहीत, लाकूड बसतं." उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आधी पुन्हा येईन, काही पुरावा मिळाला तर बघू, असं सांगून त्या गेल्या.

घरी येऊन मामाने कपाळावर हात मारून घेतला. तो मी मारायला हवा होता, पण त्याने माझी संधी घालवली. आई बाकावर बसून सगळं ऐकत होती. "लहानपणीही असाच होता," ती म्हणाली. "चोरून खाल्लं की तोंड न पुसता बाहेर यायचा, आणि वर विचारायचा, मी काय खाल्लं ओळखा."

"अक्का, गप्प बस, मला विचार करू दे," मामा म्हणाला. आम्ही दोघी घाबरलो. मामाने विचार केला की गावाला खर्च येतो.

आणि त्याला सुचलं. जुनं लाकूड गेलं कुठं? कुठंच नाही! रीतच आहे, फळी टाकायची नाही, जाळायची नाही. म्हणजे शाळेची सगळी मूळ लाकडं गावातच आहेत, घरोघरी. ती गोळा करायची, नव्या फळ्या काढायच्या, जुन्या परत बसवायच्या. शाळा पुन्हा मूळ.

ऐकायला किती सोपं वाटलं! मलासुद्धा वाटलं, हे कबूल करायला हवं. शाळा वाचत असेल तर मी त्या वेळी मामाला डोक्यावर बसवून वरातसुद्धा काढली असती.

गावसभा झाली. टाळ्या झाल्या. वारशासाठी वाटेल ते करू, असं प्रत्येकाने उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन मी, मामा आणि सुतारकाका दारोदार निघालो, आणि वारशाचा खरा भाव कळला.

गावात एकाही घरात फळी नव्हती! "होती हो, पण वाळवीने खाल्ली." "होती, धाकट्या दिरांनी नेली." शेजारच्या काकूंच्या खुराड्याचं दार चक्क शाळेच्या फळीचं, अर्ध्या पाढ्याची अक्षरंही त्यावर दिसत होती, तर काकू म्हणाल्या, "कोंबड्यांना सवय झालीये, त्या अंडी देणार नाहीत." न्हाव्याच्या दुकानात आरशाखाली लांबलचक फळी, तिच्यावर वस्तरे, कात्र्या, पावडरचा डबा. आम्ही आत शिरलो तसं त्याने तिच्यावर टॉवेल पांघरला आणि स्वतः पुढे उभा राहिला. सभेत सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या. "अध्यक्ष," तो मामाला म्हणाला, "वारसा तुमचा, मान्य. पण कात्र्या ठेवू कुठं, डोक्यावर?"

मामाने साम, दाम वगैरे सगळं केलं. शेवटी जे उपयोगी पडलं ते असं: ज्याची फळी शाळेत लागेल त्याचं नाव दगडावर कोरून दारात लावणार, असं त्याने जाहीर केलं. त्या संध्याकाळी वाळवीने खाल्लेल्या फळ्या जिवंत झाल्या आणि दिरांकडच्या परत आल्या. कपाटांचे कप्पे आले, टाकीची झाकणं आली, एका डॉक्टरांची पाटी आली, तिच्यावर अजून भेटण्याची वेळ लिहिलेली होती. न्हाव्याने आरशाखालची फळी स्वतः खांद्यावर वाहून आणली आणि कोरणाऱ्याला आपल्या नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. खुराड्याचं दार आलं, मागोमाग एक कोंबडीही आली.

राहता राहिला आमचा बाक.

मी आईला सांगायचं टाळत होते. तिनेच विषय काढला. संध्याकाळी बसली होती, डाव्या अंगाला. म्हणाली, "सगळ्या गावाच्या फळ्या नेल्यास, माझी कधी नेणार?"

"आई, शाळेसाठी—"

"शाळेसाठीच ना. तू माझ्यासाठी काही केलंयस असं मला आठवत नाही, मग हे तरी शाळेसाठीच असणार." मग तिने विचारलं, "जुन्या आत जाणार. मग आतल्या बाहेर येणार ना?"

"हो."

"तुझीसुद्धा?"

इतक्या बैठका झाल्या, इतकी भाषणं झाली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मला एकदम तो वाकडा खिळा दिसला. मी म्हटलं, "शाळा राहिली पाहिजे, आई. बाकी काही नको मला."

"मग ने," ती म्हणाली. "पण मला बाकासकट उचलू नकोस. मी उठते."

सुट्टीत काम सुरू झालं. सुतारकाका हे तोंडात खिळे धरून काम करणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांचं मत कधीच कुणाला कळत नाही. ते चांगल्या, सरळ, घट्ट फळ्या काढत गेले आणि त्या जागी कपाटांचे कप्पे, झाकणं आणि खुराड्याचं दार बसवत गेले. कुठल्याच फळीची लांबी कुठल्याच जागेला पुरत नव्हती. कुणी कापलेली, कुणी भोकं पाडलेली, कुणी हिरवा रंग दिलेली. न्हाव्याच्या फळीला पावडरचा असा वास की पहिल्या खोलीत शिरलं की मान पुढे करावीशी वाटे. वरून बोट दाबलं तर काही फळ्यांत बोट जाई. "मूळ आहे ना!" मामा म्हणे. "मूळ वस्तू अशीच असते."

काढलेल्या फळ्यांचा मागच्या मैदानात ढीग लागला. माझी मुलं सुट्टीतही तिथं यायची आणि ढिगाभोवती उभी राहायची. सगळ्यांत लहान ती मुंगी. तिची आई कपडे शिवते. मुंगीची फळी वर्षभरापूर्वीचीच, तिला अजून ताज्या लाकडाचा वास होता. तिने ढिगात ती ओळखली, तिच्यावर हात फिरवला आणि मला विचारलं, "बाई, माझी फळी नापास झाली का?"

मी नापास मुलांच्या आयांना समजावलं आहे, बापांना समजावलं आहे. हिला मात्र "नाही गं," एवढंच म्हटलं आणि नळाची चिंधी घट्ट करायला गेले.

मॅडम आल्या. भिंतींना टोचण्या मारून बघितल्या, भुसा कुपीत भरून नेला, आणि पंधरवड्यात निकाल आला. अत्युत्तम! लाकूड मूळ आहे. जागा थोडी इकडची तिकडे झाली असेल, पण त्याला हरकत नाही. पहिला दर्जा. यादीत नाव. मामाने वखारीपुढे फटाके उडवले आणि कुत्र्यांच्या समितीचं सगळं काम एका तासात आपोआप झालं, एकही कुत्रं गावात थांबलं नाही.

मी मात्र निकाल शेवटपर्यंत वाचला. ही शिक्षकांची खोड. शेवटी लिहिलं होतं की, लाकूड अतिशय जीर्ण, किडलेलं व अमूल्य असल्यामुळे इमारतीत लहान मुलांना प्रवेश देऊ नये. मोठ्यांनी दोरीच्या बाहेरून बघावं. भिंतींना हात लावू नये.

मी ते मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अगं पण पहिला दर्जा मिळाला ना?"

"मामा, मुलं बसणार कुठं?"

"हे बघ," तो समजुतीने म्हणाला, "एका वेळी एक गोष्ट. आधी वारसा. मुलं काय, होतच असतात."

त्या दिवशी मी मामाला जे बोलले ते इथं लिहीत नाही. आईने आतून ऐकलं आणि मध्ये पडली नाही, यावरून काय ते समजावं.

रडून झाल्यावर मी हिशेबी विचार केला. साहेबांची अट काय होती? त्या आवारात, चार भिंती आणि छपराखाली वर्ग. जुन्या इमारतीतच, असं ते म्हणाले नव्हते. आवार होतं. मैदान होतं. आणि मैदानात काय पडलं होतं? एका शाळेला पुरतील एवढ्या चांगल्या, सरळ, घट्ट फळ्या, ज्यांची सरकारदरबारी कवडीची किंमत नव्हती. सुतारकाकांना विचारलं, एक खोली उभी राहील? त्यांनी तोंडातले खिळे काढले, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "उद्यापासून लागतो," म्हणाले. छपरासाठी पत्रे मामाकडून उकळले. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून त्याने चटकन दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेले तर गाव हजर. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी आलीच माणसं मदतीला. मग मला हातगाड्या दिसल्या.

न्हावी सगळ्यांत पुढे. ढिगातून त्याने आपल्या मुलीची फळी ओढून काढली होती. मुलगी कधीच लग्न होऊन परगावी गेली. तो म्हणाला, "बाई, रीतच आहे. शाळेतून निघालेली फळी ज्याची त्याने घरी न्यायची. जुनी आम्ही गावासाठी दिली. आता आरशाखाली काही नको?" काकू खुराड्यासाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी पाटीसाठी माणूस पाठवला होता. सगळे अगदी रीतीने, रांगेत.

मी त्यांना सांगून पाहिलं. या फळ्या गेल्या तर खोली होणार नाही. खोली नाही तर साहेब येऊन परत जातील आणि शाळा बंद. लोक माना हलवत होते आणि फळ्या गाडीवर चढवत होते. "फार वाईट झालं हो, बाई," काकू म्हणाल्या, "जरा ते दुसरं टोक धरता का?" आणि मी काय बोलणार? ही रीत दरवर्षी पहिलीच्या मुलांना मीच शिकवते. फळी टाकायची नाही, जाळायची नाही, घरी न्यायची. मी ढिगाच्या कडेला मटकन बसले. इतकी वर्षं ज्या गावासाठी गळा फोडून शिकवलं, त्याचा मला त्या क्षणी मनस्वी तिटकारा आला. मुंगी आणि तिची आईही आली होती. मुंगीने आपली फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तेवढ्यात आई आली. काठी टेकत, मैदान ओलांडून. आई शाळेत कधी येत नाही, माझ्या सवतीच्या घरी मी कशाला जाऊ, म्हणते. लोक बाजूला झाले. तिने ढिगाकडे बघितलं आणि न्हाव्याला म्हणाली, "वाकड्या खिळ्याची बघ रे एक. खिडकीखालची. ती आमची."

मी ताडकन उठले. "आई, तूसुद्धा?"

"का? रीत तुमच्या शाळेचीच ना? निघालेली फळी घरी न्यायची." न्हाव्याने फळी शोधून दिली. खिळा अजून तिच्यातच होता, तसाच मान मोडून पडलेला. एक टोक न्हाव्याने धरलं, एक आईने. "कुठं नेऊ, आजी? गाडी आणू?"

"गाडी कशाला?" आई म्हणाली. मैदानाच्या टोकाला सुतारकाकांनी पहाटेच चार खांब रोवून ठेवले होते. ती तिथपर्यंत चालत गेली आणि फळी खांबाला टेकवून उभी केली. "ठोका."

न्हावी म्हणाला, "आजी, घरी न्यायची होती ना?"

"मग? घरीच आणली." आईने काठी माझ्याकडे रोखली. "ही राहते कुठं, विचार गावाला. माझ्याकडे ती फक्त जेवते." मग ती मुंगीच्या आईकडे वळली. "तुझी पोर दिवसभर कुठं असते गं, तू मशीनवर असतेस तेव्हा?"

मुंगीच्या आईने फळीचं एक टोक उचललं, दुसरं मुंगीच्या हातात होतंच, आणि दोघी खांबांकडे निघाल्या. मग माझ्या बाकीच्या मुलांच्या आया निघाल्या. मग काकू पुटपुटल्या, "कोंबड्यांचं काय, त्या मेल्या कुठंही बसतात," आणि त्यांची हातगाडी वळली.

सगळे काही वळले नाहीत. आमचं गाव एवढं चांगलं नाही. डॉक्टरांची फळी गेलीच. न्हावी आपली फळी खांद्यावर टाकून दुकानाकडे निघून गेला, आणि त्याने जाताना मागे वळून बघितलं एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. पूर्वेच्या भिंतीला एका फळीएवढी फट राहिली. मामाने तिला खिडकी म्हणावं असं सुचवलं आणि तिच्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची तयारीही दाखवली.

शाळा उघडली त्या दिवशी साहेब आले. जुन्या इमारतीला दोरी बांधलेली होती, दारात दगड होता, दगडावर सगळ्या फळीदात्यांची नावं होती आणि अध्यक्षांचं नाव त्या सगळ्यांच्या वर दुप्पट मोठं होतं. साहेबांनी ते आदराने वाचलं. मग मागे आले. पत्र्याखाली वर्ग भरला होता, मुंगी पाढा म्हणत होती. साहेबांनी चार भिंती बघितल्या, फटीतून हात घालून बघितला, आणि विचारलं, "बाई, ही खोली पण जुनी आहे का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "इथलं काहीच मूळ नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि सही केली.

मी घंटा बडवली, मुलं घरी सोडली आणि त्या दिवशी मुद्दाम लवकर निघाले. आई दारात होती. बाक नव्हता, त्यामुळे चौकटीला धरून उभी होती, डाव्या अंगाला. मी म्हटलं, "आई, सही झाली. शाळा राहिली."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुझी ती फळी, वाकड्या खिळ्याची. ती झिजून निघाली की घरी आणायची ना?"

"हो. रीतच आहे."

"तिचा बाक होईल?"

"होईल की. पण आई, चांगलं लाकूड आहे ते. इतक्यात नाही झिजायचं."

आईने चौकटीवरचा हात बदलला. "नको झिजायला," ती म्हणाली. "मी उभी आहे."